आठ चाकांचा कागदी माग

9 ऑगस्ट 2020 च्या रविवारी सकाळी संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांनी 101 संरक्षण-वस्तूंच्या आयातीवर टप्प्याटप्प्याने बंदी घालत असल्याचं जाहीर केलं. त्या दिवशीचं पत्र सूचना कार्यालयाचं निवेदन आजही वाचायला मिळतं. तोफा, रायफली, सोनार, वाहतूक विमानं अशा मोठ्या नावांच्या गर्दीत एक वाक्य आहे, ज्याकडे तेव्हा फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. चाकांवर चालणाऱ्या चिलखती लढाऊ वाहनांच्या आयातीवर डिसेंबर 2021 पासून बंदी येईल, आणि अशी जवळजवळ 200 वाहनं लष्कर 5,000 कोटी रुपयांहून अधिक किमतीला घेण्याची अपेक्षा आहे, असं ते वाक्य सांगतं.

साडेचार वर्षांनी, 13 फेब्रुवारी 2025 रोजी, वॉशिंग्टनमध्ये पंतप्रधान मोदी आणि राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्या भेटीनंतर निघालेल्या संयुक्त निवेदनात स्ट्रायकर या अमेरिकी चाकी चिलखती वाहनाचं नाव खरेदी आणि सहउत्पादनाच्या संदर्भात आलं. दोन्ही कागद सरकारी आहेत, दोन्ही अस्सल आहेत. एकात चाकी चिलखती गाडी बाहेरून आणायची नाही असं म्हटलंय, दुसऱ्यात परदेशी गाडीचं नाव घेतलंय. हा विरोधाभास खरा आहे की वरवरचा, हे ठरवायचं तर मधले कागद एकेक करून मांडावे लागतात. थोडं मागेही जावं लागतं.

आपल्या पायदळाला आठ चाकं नवी नाहीत. पोलंड आणि चेकोस्लोव्हाकिया यांनी मिळून बनवलेली स्कॉट नावाची आठचाकी, पाण्यात तरंगणारी गाडी भारतीय लष्कराने वापरली आहे. 2 एप्रिल 1979 रोजी मेकॅनाइज्ड इन्फंट्री रेजिमेंट उभी राहिली, जुन्या पायदळ रेजिमेंटांच्या नावाजलेल्या पलटणी तिच्यात आल्या आणि तिचं केंद्र अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला झालं. पुढच्या काळात मात्र ही रेजिमेंट पट्ट्यांवर चालणाऱ्या रशियन बनावटीच्या बीएमपीची झाली. 1987 पासून बीएमपी-2 ही ‘सारथ’ या नावाने तेलंगणातल्या मेदकच्या कारखान्यात तयार होऊ लागली आणि चाकं मागे पडली. कारण काय असावं? रणगाड्याच्या जोडीने वाळवंटातून, नांगरलेल्या शेतातून आणि कालव्यांतून जायचं तर पट्टा लागतो, हा सर्वमान्य खुलासा आहे. मला तो पटतो. पण बीएमपीसोबत तोफ आणि क्षेपणास्त्रही येत होतं, स्कॉटवर जड मशीनगनच होती. तेव्हा निवड नेमकी चाक की पट्टा अशीच झाली, असं म्हणणं घाईचं होईल.

पुढचा ठसठशीत पुरावा 2009 चा. त्या वर्षी ऑक्टोबरात झाशीजवळच्या बबिना इथे भारत-अमेरिकेचा ‘युद्ध अभ्यास’ झाला. हवाईतून आलेल्या अमेरिकी तुकडीने 17 स्ट्रायकर आणल्या होत्या. इराक आणि अफगाणिस्तान वगळता इतक्या स्ट्रायकर परदेशात तोवर कुठेच नेल्या नव्हत्या, असं अमेरिकी लष्कराने तेव्हा आवर्जून सांगितलं होतं. समोर आपली सातवी मेकॅनाइज्ड इन्फंट्री बटालियन होती, बीएमपी-2 घेऊन.

या दोन गाड्या शेजारी उभ्या केल्या की पुढच्या सगळ्या चर्चेचं मूळ दिसतं. बीएमपीत मागच्या दोन दारांतून वाकून शिरायचं. दारांच्या जाडीतच डिझेलच्या टाक्या असतात. आत सात जवान, बहुतेक पाठीला पाठ लावून, गुडघे छातीशी घेऊन बसतात. 1970 च्या दशकातल्या सोव्हिएत आखणीत गाडी बुटकी राहणं महत्त्वाचं होतं, म्हणजे शत्रूला निशाणा लहान मिळतो. स्ट्रायकरचा मागचा अख्खा पत्रा उतारासारखा खाली येतो, नऊ जण समोरासमोर बसतात आणि ताठ मानेने बाहेर पडतात. गाडी उंच आहे, दुरून दिसते. रस्त्यावर वेगाने आणि फारसा आवाज न करता धावते. मात्र बीएमपी नदी पोहून जाते, स्ट्रायकर पोहत नाही. शेवटचा हा मुद्दा लक्षात ठेवण्याजोगा आहे.

स्ट्रायकर कशासाठी जन्मली याची कागदपत्रं अमेरिकेने बरीच उघडी ठेवली आहेत. 1999 च्या कोसोव्हो संघर्षात जड तुकड्या वेळेत पोचत नाहीत आणि हलक्या तुकड्या पोचून टिकत नाहीत, हा अनुभव आला. त्याच वर्षी ऑक्टोबरात तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल एरिक शिन्सेकी यांनी मधल्या वजनाच्या ब्रिगेडची कल्पना मांडली. नोव्हेंबर 2000 मध्ये कंत्राट दिलं गेलं. मूळ आराखडा स्वित्झर्लंडच्या मोवाग कंपनीच्या पिरान्हा कुळातला, मधली पायरी कॅनडाची. 2003 च्या अखेरीस गाडी इराकमध्ये उतरली. अफगाणिस्तानात सुरुंगांनी तिचा तळ फुटू लागला, तेव्हा दुहेरी व्ही आकाराचा तळ बनवून 2011 पासून तो वापरात आणला. पुढे त्याच तळाच्या सुधारित गाडीला मूळ 350 अश्वशक्तीच्या जागी 450 अश्वशक्तीचं इंजिन दिलं. एका आराखड्याच्या पोटात इतक्या दुरुस्त्या साठल्या आहेत. प्रत्येक दुरुस्तीने वजन वाढलं, हेही त्यातच आलं.

भारतीय बाजूला 2014 च्या फेब्रुवारीत दिल्लीच्या डिफेक्स्पो प्रदर्शनात टाटा मोटर्सने ‘केस्ट्रेल’ नावाची आठचाकी मांडली. तिचा आराखडा डीआरडीओच्या अहिल्यानगरच्या वाहन संशोधन आणि विकास संस्थेसोबत झालेला होता. सरकारी कागदांत तिचं नाव व्हॅप, म्हणजे चाकी चिलखती मंच. सांगाडा एकच ठेवायचा आणि त्यावर गरजेप्रमाणे तोफ, क्षेपणास्त्र, रुग्णवाहिका किंवा टेहळणीची साधनं बसवायची, हा त्यामागचा विचार. तिच्या पाठीमागे पाणी फेकणारे झोत आहेत, म्हणजे ती पोहते. मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचं केंद्र आणि तिच्यासाठी गाडी आखणारी प्रयोगशाळा एकाच शहरात आहेत. या शेजाराचा आराखड्यावर किती परिणाम झाला हे सांगणारा कागद हाती नाही, त्यामुळे त्यावर काही उभारणार नाही. पण पोहण्याची अट आराखड्यात आपोआप आलेली नाही, एवढं नक्की. पंजाबच्या सीमेवरचे कालवे आणि बांध ज्याने डोळ्यासमोर ठेवले, त्यानेच ती घातलेली असणार.

आता 2020 च्या त्या वाक्याकडे. 5,000 कोटींना 200 गाड्या म्हणजे एका गाडीला 25 कोटी. नुसत्या माणसं वाहणाऱ्या पत्र्याच्या पेटीची ही किंमत नव्हे. यात शस्त्र आणि टेहळणीचं साहित्य धरलेलं असावं, असा अंदाज त्या आकड्यावरूनच करता येतो. हा अंदाज पक्का करणारा कागद दोन वर्षांनी आला.

6 जून 2022 रोजी संरक्षण संपादन परिषदेने 76,390 कोटी रुपयांच्या प्रस्तावांची आवश्यकता मान्य केली. लष्करासाठीच्या यादीत खडबडीत जमिनीवरचे फोर्कलिफ्ट, पूल टाकणारे रणगाडे, शत्रूच्या तोफा हुडकणारी रडार आणि रणगाडाविरोधी क्षेपणास्त्रांसह चाकी चिलखती लढाऊ वाहनं होती. सगळं देशांतर्गत स्रोतांतून घ्यायचं, असंही लिहिलेलं होतं. वाहनाला जोडलेलं क्षेपणास्त्र हा इथला महत्त्वाचा तपशील. टेहळणी करणाऱ्या आणि आघाडीच्या पुढे राहून रणगाडे अडवणाऱ्या तुकडीला अशी गाडी लागते. भारतात हे काम जुन्या सोव्हिएत चारचाकी बीआरडीएमकडे होतं. म्हणून 2020 मधल्या 200 आणि 2022 मधल्या वाहनांची गरज एकच असावी आणि ती बीआरडीएमच्या जागेची असावी, असं मी मानतो. दोन निवेदनांतलं वर्णन जुळतं. तरीही हा तर्कच आहे, कारण 2022 च्या निवेदनात या वाहनांची संख्या दिलेली नाही.

त्याच्या दोन महिने आधी, 12 एप्रिल 2022 रोजी, तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल मनोज नरवणे यांनी पुण्यात काही देशी वाहनं लष्करात रीतसर दाखल करून घेतली. त्यांत टाटा अॅडव्हान्स्ड सिस्टिम्सने दिलेलं ‘इन्फंट्री प्रोटेक्टेड मोबिलिटी व्हेइकल’ होतं. छायाचित्रांत ते व्हॅपच आहे, त्याच कुळातलं. मात्र नावावरून त्याचं काम दिसतं. जवानांना चिलखताच्या आत सुरक्षित नेणं, हे ते काम. गलवान खोऱ्यात चीनशी झालेल्या चकमकीनंतर पूर्व लडाखमध्ये हजारो जवान उंचावर राहू लागले होते आणि त्यांना लांबच्या अंतरांवर हलवायला अशा गाड्या हव्या होत्या. या खरेदीला ‘लष्कराने व्हॅप स्वीकारली’ असं म्हणणाऱ्या बातम्या आल्या, त्या अर्ध्याच बरोबर होत्या. थोड्या गाड्या, ठरावीक कामासाठी घेतल्या, इतकंच पुराव्यातून निघतं. बीएमपीची जागा घेणारी गाडी म्हणून ती स्वीकारली, असं त्यातून निघत नाही.

आणि त्याच वर्षीच्या 22 डिसेंबरला परिषदेने 84,328 कोटींचे 24 प्रस्ताव मान्य केले, त्यात लष्करासाठी भविष्यकालीन इन्फंट्री कॉम्बॅट व्हेइकल, हलके रणगाडे आणि वाहनावर बसवलेल्या तोफा होत्या. हे भविष्यकालीन वाहन म्हणजे बीएमपीचा वारस.

म्हणजे 2022 या एका वर्षाच्या कागदांत तीन गरजा आहेत. टेहळणीची क्षेपणास्त्रधारी चाकी गाडी, जवान नेणारी सुरक्षित चाकी गाडी आणि बीएमपीची वारस असलेली लढाऊ गाडी. वर्तमानपत्रांत या तिन्हींसाठी ‘चिलखती वाहन’ हा एकच शब्द पडत राहिला आणि स्ट्रायकरबद्दलचा बराचसा गोंधळ तिथून सुरू झाला, असं माझं मत आहे.

6 जून 2022 ही तारीख मला आणखी एका कारणासाठी टिपून ठेवावीशी वाटली. त्याच दिवशी अलास्कामध्ये अमेरिकी लष्कराने 11 वी एअरबोर्न डिव्हिजन पुन्हा उभी केली. तिच्या पहिल्या ब्रिगेडने आपल्या स्ट्रायकर सोडून दिल्या आणि ती हलकी पायदळ ब्रिगेड झाली. तेव्हाच्या लष्कर-सचिव क्रिस्टीन वर्मथ यांनी कारण उघडपणे सांगितलं होतं: गाड्या जुन्या झाल्या होत्या आणि आर्क्टिकच्या परिस्थितीला त्या नीट मानवत नव्हत्या. दिल्लीत चाकी लढाऊ वाहनांची आवश्यकता मान्य होते आणि त्याच तारखेला अतिथंड प्रदेशातली एक स्ट्रायकर ब्रिगेड चाकं सोडते. हा निव्वळ योगायोग आहे, एका घटनेचा दुसरीशी काही संबंध नाही. पण लडाखसाठी स्ट्रायकरचा विचार करणाऱ्याला अलास्काचा हा पुरावा टाळता येणार नाही.

त्याचं वजन किती धरायचं? माझ्या मते जपून. अलास्कात अडचण खोल बर्फाची, दलदलीच्या टुंड्राची आणि थंडीत देखभाल करण्याची. पूर्व लडाख कोरडं आहे. देपसांग किंवा स्पांगूरच्या बाजूला बर्फ तुलनेने कमी पडतो, जमीन सपाट आणि खडीची आहे. तिथे चाक चालतं, किंबहुना लांब पल्ल्यासाठी पट्ट्यापेक्षा बरं चालतं, कारण पट्टे झिजतात आणि प्रत्येक सुटा भाग पर्वतांपलीकडून आणावा लागतो. तिथला खरा शत्रू विरळ हवा. उंचीवर इंजिनाला प्राणवायू कमी मिळतो आणि कागदावरची अश्वशक्ती प्रत्यक्षात उतरत नाही. म्हणून 350 आणि 450 मधला फरक जर्मनीच्या रस्त्यांवर जितका जाणवेल, त्याहून लडाखच्या चढावर जास्त जाणवेल. अलास्काचा पुरावा थंडीपुरता घ्यावा, उंचीचा निवाडा त्यातून होत नाही.

यानंतर कागद दिल्ली-वॉशिंग्टनचे आहेत. 5 जून 2023 रोजी राजनाथ सिंह आणि अमेरिकेचे तेव्हाचे संरक्षणमंत्री लॉइड ऑस्टिन यांनी संरक्षण-उद्योग सहकार्याचा आराखडा संमत केला. त्यात अग्रक्रमाची क्षेत्रं दिली आहेत, त्यांत हवाई युद्धाबरोबर जमिनीवरच्या हालचालीच्या प्रणाली आहेत. वाहनाचं नाव नाही. 21 सप्टेंबर 2024 रोजी मोदी-बायडेन भेटीनंतरच्या पत्रकात जेट इंजिन, दारूगोळा आणि जमिनीवरच्या हालचालीच्या प्रणाली यांच्या सहउत्पादनाचा उल्लेख आहे. इथेही नाव नाही. दोन नेत्यांच्या कागदावर न आलेलं नाव दरम्यान बातम्यांत मात्र मोकळेपणी फिरत होतं. एका आकड्याची पुनरुक्ती फार झाली: दहा मेकॅनाइज्ड बटालियनांसाठी 530 स्ट्रायकर. हा आकडा कोणत्याही सरकारी निवेदनातला नाही, तेव्हा त्याला दुय्यम पुरावा मानायचा. तरी त्याला आतून तपासता येतं. 530 ला दहाने भागलं की एका बटालियनला 53 गाड्या येतात, आणि आपल्या मेकॅनाइज्ड बटालियनची गाड्यांची संख्या साधारण 50 च्या आसपासच असते. म्हणजे आकडा कुणी हवेतून काढलेला नाही. बटालियनची रचना माहीत असलेल्या माणसाकडून तो आला असावा. तो लष्कराच्या बाजूने आला की विक्रेत्याच्या, हे गणितातून कळत नाही.

त्याच सप्टेंबरात राजस्थानच्या महाजन सराव-भूमीवर युद्ध अभ्यास चालू होता. सरकारी निवेदनानुसार अमेरिकी तुकडी 11 व्या एअरबोर्न डिव्हिजनच्या 1-24 बटालियनची होती. म्हणजे अलास्कातली तीच ब्रिगेड, जिने दोन वर्षांपूर्वी स्ट्रायकर सोडल्या होत्या. तरीही महाजनच्या छायाचित्रांत स्ट्रायकर आणि जॅव्हलिन क्षेपणास्त्र दिसतात. ज्या तुकडीची गाडी नाही, तिच्या सरावात ती गाडी हजर आहे. यातून एक अनुमान काढावंसं वाटतं: ती गाडी सरावाइतकीच दाखवण्यासाठीही आणलेली होती. पुराव्याने सिद्ध होईल इतकं ते भक्कम नाही, पण दुसरं सोपं स्पष्टीकरण मला सुचत नाही.

मग 13 फेब्रुवारी 2025. त्या निवेदनातलं वाक्य सावकाश वाचण्याजोगं आहे. भारताच्या संरक्षण-गरजा लवकर भागवण्यासाठी जॅव्हलिन आणि स्ट्रायकर यांच्या नव्या खरेदीची आणि भारतातल्या सहउत्पादनाची व्यवस्था त्या वर्षात पुढे नेण्याचा बेत नेत्यांनी जाहीर केला, असा त्याचा आशय. लगेच पुढे सहा जादा पी-8आय टेहळणी विमानांची खरेदी पूर्ण होण्याची अपेक्षा व्यक्त केली आहे. विमानांना संख्या आहे, शेवट आहे. स्ट्रायकरला संख्या नाही, किंमत नाही, कारखाना नाही. ज्यांनी दुसऱ्या दिवशी ‘भारत स्ट्रायकर घेणार’ असे मथळे दिले, त्यांनी या कागदावर त्याच्या ताकदीबाहेरचं ओझं टाकलं.

आता 2020 च्या बंदीशी हे जुळतं का? बंदी आयातीवर होती. संरक्षण संपादन पद्धत 2020 मध्ये खरेदीचे वेगवेगळे वर्ग आहेत. ‘बाय (इंडियन-आयडीडीएम)’ वर्गात आराखडा भारतीय हवा आणि किमान 50 टक्के भाग देशी हवेत. ‘बाय (ग्लोबल-मॅन्युफॅक्चर इन इंडिया)’ वर्गात परदेशी आराखडा चालतो, कंत्राटाच्या किमान 50 टक्के मूल्य भारतातून यायला हवं. सहउत्पादन हा शब्द दुसऱ्या वर्गाच्या जवळचा आहे. भारतात बनलेल्या स्ट्रायकरवर आयातबंदीचा शब्दशः आघात होत नाही. अमेरिकी सरकारमार्फत पहिल्या थोड्या गाड्या तयार आणल्या, तर त्यांच्यावर मात्र तो होतो, आणि लवकर भागवण्याची भाषा तयार गाड्यांकडेच बोट दाखवते. शिवाय देशी आराखडा हजर असताना परदेशी आराखडा का, याचं उत्तर वर्गीकरणाने मिळत नाही. ते चाचण्यांच्या अहवालांत असतं, आणि ते अहवाल गोपनीय राहतात. पोहण्याच्या अटीचं काय झालं, हेही त्यांतच असणार. अट कायम असेल तर मूळ स्ट्रायकर बाद ठरते. ती शिथिल केली असेल, तर हे वाहन पंजाबच्या कालव्यांसाठी नसून उंच पठारासाठी पाहिलं जात होतं, असा अर्थ निघतो. या प्रकरणातला सगळ्यात बोलका कागद तो असेल, असं मला वाटतं.

देशी गाडीच्या बाजूचा शेवटचा कागद आफ्रिकेतून येतो. मोरोक्कोच्या लष्कराने व्हॅप निवडली, आणि 23 सप्टेंबर 2025 रोजी कासाब्लांकाजवळच्या बेर्रेशिद इथे टाटा अॅडव्हान्स्ड सिस्टिम्सच्या 20,000 चौरस मीटरच्या कारखान्याचं उद्घाटन राजनाथ सिंह आणि मोरोक्कोचे संरक्षणमंत्री अब्देलतीफ लौदियी यांनी केलं. सुरुवातीला एक तृतीयांश काम मोरोक्कोत, पुढे निम्म्यापर्यंत, असं त्या दिवशीच्या सरकारी निवेदनात म्हटलं आहे. स्ट्रायकरचं नाव घेणाऱ्या निवेदनाला तेव्हा सात महिने झाले होते. वाळवंट, डोंगर आणि लांबलचक सीमा असलेल्या एका लष्कराने चाचणीनंतर अहिल्यानगरचा आराखडा पसंत केला, हा व्हॅपच्या बाजूचा भरीव पुरावा आहे. मोरोक्कोत लडाखची उंची नाही, ही त्याची मर्यादा. यापुढे कुणाला हा माग काढायचा असेल, तर मथळे बाजूला ठेवून संरक्षण संपादन परिषदेच्या निवेदनांत एकच गोष्ट पाहावी: चाकी लढाऊ गाडीच्या नावापुढे खरेदीचा कोणता वर्ग लिहिला आहे, आणि संख्या दिली आहे का.